पाणी-अधिकाऱ्याचं अंगण

लेस्टर हॉबडेने उजव्या हाताचं पहिलं बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि बाहेर काढून विजारीला पुसलं. विजारीवर ओला पट्टा उमटला.

"काय रे, लागतेय का नाडी?" कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या व्हर्न डगनने विचारलं. गावात टायरचं दुकान होतं त्याचं.

"लागतेय. चांगली जोरात लागतेय."

"पहाटे दव पडलं होतं."

"जानेवारीत? भर उन्हाळ्यात?"

"माझ्या एकट्याच्या अंगणात पडलं बघ. म्हणजे बघ मी किती पुण्यवान."

लेस्टर हसला नाही. त्याने पावतीपुस्तक काढलं, मांडीवर ठेवलं आणि लिहायला लागला. "ही पहिली ताकीद, व्हर्न. पुढच्या वेळी दंड. त्याच्या पुढच्या वेळी मीटरमध्ये चकती बसते, मग नळाला करंगळीएवढी धार येईल. आंघोळीला अर्धा दिवस लागेल तुला."

व्हर्नने कागद घेतला. न वाचताच घडी घालून खिशात टाकला. "हे गवत लावायला तूच शिकवलंस मला. कुठलं बी आणायचं, किती खोल टाकायचं. आठवतंय का?"

"आठवतंय."

"आणि आता मारायलाही तूच आलास."

लेस्टरने टोपी सारखी केली आणि तो गाडीकडे गेला.  

बिंडाली गावात पाणी-निर्बंधांची पाचवी पातळी लागून चौदा महिने झाले होते. गावाच्या वेशीवर एक फळा होता, त्यावर धरणातल्या पाण्याचा आकडा दर सोमवारी बदलत. त्या आठवड्यात तो अकरा टक्क्यांवर होता. बागेला नळी पूर्ण बंद. बादली आणि मग चालायचा, तोही आंघोळीचं किंवा धुण्याचं वापरलेलं पाणी असेल तर. चौथी पातळी लागली तेव्हाच नगरपालिकेने बागखातं गुंडाळलं होतं. पाच माळ्यांपैकी दोघे पश्चिमेला खाणीत गेले, दोघांनी घरी बसणं पत्करलं. लेस्टरला पांढरी गाडी, पावतीपुस्तक, रुंद काठाची टोपी आणि 'पाणी-अधिकारी' हा हुद्दा मिळाला. ग्रंथालयासमोरच्या गुलाबांची छाटणी त्याने चोवीस वर्षं केली होती. तो वाफा रिकामा करण्याचं कामही नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडेच आलं. दुसऱ्या कोणाला मुळं कुठवर गेलीत हे ठाऊक नव्हतं.

पूर्वी लोक त्याला रस्त्यात थांबवून पानांवरचे डाग दाखवत, मावा पडलेली डहाळी खिशातून काढून पुढे धरत. आता पांढरी गाडी वळली की गल्लीच्या टोकापासून दारं बंद झाल्याचे आवाज येत. शुक्रवारी क्लबात तो गेला की टेबलावरची माणसं गप्प होत नसत, फक्त फुटबॉलवर बोलायला लागत.

त्या दिवशी सकाळी कचेरीत शेरिलने त्याला पाच चिठ्ठ्या दिल्या होत्या. तक्रारींचा फोन तीच घ्यायची आणि गोल, शाळकरी अक्षरात लिहून ठेवायची. शेवटची चिठ्ठी देताना ती म्हणाली, "ही काही घाईची नाही. राहिली तर राहू दे."

लेस्टर चिठ्ठी राहू देत नसे. दुपारी अडीचला त्याने ती उघडली. 'मिसेस पेटिग्रू, कूपर गल्ली. परसात, टाकीच्या सावलीत हायड्रेंजिया फुललंय. नळीशिवाय हे होणं शक्य नाही. तक्रार करणारी स्त्री. नाव सांगितलं नाही.'

ओलिव्ह पेटिग्रू एकोणऐंशी वर्षांची होती. गावात टेलिफोन एक्स्चेंज होतं तेव्हा तिने तिथे एकतीस वर्षं काढली होती. पुढचं अंगण लेस्टरने फाटकातूनच पाहिलं. गवत नव्हतं. गुलाबाचे खुंट होते, आणि लॅव्हेंडरच्या रांगेच्या जागी करड्या काड्या. इथे नळी लागत असेल असं दिसत नव्हतं. पण अंगण उजाड ठेवून परसात नळी चालवणारेही त्याने पाहिले होते.

दार उघडायला वेळ लागला. "आलास? ये. पाय पुसू नकोस, आतली आणि बाहेरची धूळ एकच आहे."

"मिसेस पेटिग्रू, तक्रार आलीय तुमच्याबद्दल. मला परस बघावं लागेल."

"बघ ना. मीच दाखवते. पण हळू चाल, आज पायांत जोर नाही माझ्या."

स्वयंपाकघर ओलांडून ती त्याला मागे घेऊन गेली. घराची भिंत आणि पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी यांच्यामध्ये तीन खाटा मावतील एवढी जागा होती. वर जुन्या चादरी ताणून बांधल्या होत्या. जमिनीवर वर्तमानपत्रं आणि त्यावर पेंढ्याचा जाड थर. काठीवर चढवलेल्या शेंगा, पालकाची एक ओळ, टोमॅटोची दोन झाडं. आणि टाकीला लागून छातीएवढं हायड्रेंजिया, थाळीएवढ्या निळ्या फुलांचं. उन्हात राहून राहून लेस्टरचे डोळे फुलांचा निळा रंग विसरले होते. 

मग तो कामाला लागला. टाकीवर खालपासून वरपर्यंत टकटक केलं. खालपासून वरपर्यंत पोकळ आवाज आला. परसातल्या नळाशी वाकून बघितलं, तर नळाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यात माश्या सुकल्या होत्या. मीटरवरचा आकडा त्याने मागच्या तिमाहीशी ताडून पाहिला. एवढं पाणी तर लोक नुसतं संडासात ओतत. शेवटी पेंढा बाजूला करून मातीत बोट घातलं. माती गार होती आणि हाताला चिकटत होती.

"कसं करता हे?"

"आठवड्यातून तीनदा आंघोळ. टबात चार बोटं पाणी. आत नेलपॉलिशने रेघ मारून ठेवलीय, लबाडी नको म्हणून. मशीनचं दुसरं पाणी शेंगांना, पहिल्यात साबण फार असतो. भाज्या उकडल्या की ते पाणी गार करून टोमॅटोला." तिने भिंतीशी उभ्या असलेल्या एका जुन्या बाबागाडीकडे बोट केलं. बाळाच्या जागी दोन बादल्या ठेवल्या होत्या. "चॅरिटीच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणली. तिथली बाई माझ्या पोटाकडे बघायला लागली."

"भरलेल्या बादल्या उचलता?"

"अर्ध्या. म्हणून खेपा दुप्पट. दीड तास लागतो. मला कुठे गाडी पकडायचीय?"

"आणि पुढची बाग?"

"सोडली. दोन्हीकडे पुरायला मी काय धरण आहे? एका दुपारी खुर्ची टाकून बसले आणि ठरवलं कोण राहणार, कोण जाणार. वाईट दुपार होती."

लेस्टर हायड्रेंजियाकडे वळला. "मग हे का ठेवलंत? सगळ्यांत जास्त पाणी पिणारं."

ओलिव्हने त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या बायकोनेच दिलेली फांदी आहे ती, ग्लेनिसने. तुला नाही माहीत? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घेऊन आली होती, दह्याच्या डब्यात लावून. दुसऱ्याने दिलेलं झाड मारवत नाही. आणि म्हटलं, तिची सगळी गेली, एक तरी कुठे राहू दे. पाऊस परतला की तिला फांदी देता येईल." ती थांबली. "रविवारी आली होती की ती. त्या पालथ्या पेटीवर बसली होती बराच वेळ. चहा विचारला तर नको म्हणाली."

लेस्टरने मान वर केली. एका बाजूला भिंत, एका बाजूला टाकी, उरलेल्या दोन बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणारं पत्र्याचं कुंपण. गल्लीतून हे झाड दिसत नव्हतं. शेजारच्या घरांतूनही दिसत नव्हतं. चिठ्ठी त्याच्या हातातच होती. त्याने ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

ओलिव्ह सगळं पाहत होती. "कोणी फोन केला ते मी विचारत नाही."

"मलाही सांगता येणार नाही."

"एकतीस वर्षं लोकांच्या बोलण्याच्या मध्ये बसले होते मी. ऐकायचं आणि विसरायचं, त्याचाच पगार होता. आता आलाच आहेस तर ती बादली उचल आणि झाडाला घाल. माझी एक खेप वाचेल."

हे त्याच्या कामात बसत नव्हतं. तरी त्याने बादली उचलली, गुडघ्यावर बसला आणि मगाने बुंध्याशी पाणी घातलं, पानं भिजू न देता, एका जागी न ओतता. माती पाणी घेताना बारीक आवाज करत होती. दोन वर्षांत आपण एकाही झाडाला पाणी घातलं नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. बादली संपली. त्याने पावतीपुस्तकात 'नियमभंग नाही' असं लिहून सही केली आणि वरची प्रत ओलिव्हला दिली.

कचेरीत किल्ल्या परत करताना शेरिलने विचारलं, "कूपर गल्लीत काही निघालं?"

"नाही."

"मी ती तुला द्यायला नको होती, लेस्टर."

"फोन आला की लिहायचं, तुझं कामच आहे ते," तो म्हणाला. तिला फोनवरचा आवाज ओळखता आला होता, हे दोघांनाही कळलं. 

घरी जाताना तो नेहमीच्या रस्त्याने गेला नाही. नदीवरच्या पुलाकडून फिरून गेला. पुलाखाली पात्रात गवत वाढून वाळलं होतं आणि कोणाची तरी मेंढरं ते चघळत उभी होती. त्याला जुनं आठवत होतं. फार जुनं नव्हे, दोन वर्षांपूर्वीचं.

नोकरी मिळाली त्या संध्याकाळी त्याने घरच्या नळाची नळी सोडवून शेडमध्ये टांगली होती. घरची बाग ग्लेनिसची होती. दिवसभर गावाच्या बागा बघणाऱ्याला घरी हात लावू द्यायचा नाही, असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. दक्षिणेच्या भिंतीशी, सावलीत, तिची सात हायड्रेंजिया होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून दुपारी घरी आली की ती आधी त्यांच्याकडे जायची, मग घरात.

"बादली तर चालते ना?" तिने विचारलं होतं.

"नियमात चालते."

"मग?"

"लोक कुंपणावरून बघतात, ग्लेनिस. माझ्या घरी हिरवं दिसलं की बादल्या मोजायला कोणी थांबणार नाही."

 फेब्रुवारीत एकदा तो लवकर घरी आला, तेव्हा ती धुण्याचं पाणी बादलीत घेऊन दाराशी उभी होती. "हे बरं दिसत नाही," तो म्हणाला होता. एवढंच.  ती मागे वळली आणि धुण्याच्या खोलीतल्या मोरीत तिने बादली उपडी केली. महिना संपायच्या आत सातही झाडं गेली. हिवाळ्यात त्याने ती करवतीने बुंध्यापासून कापली. त्या वेळी ती बहिणीकडे गेली होती. तिने तोच आठवडा का निवडला हे त्याने विचारलं नव्हतं.

सहा वाजता ते जेवायला बसले. मटणाचे चॉप, वाटाणे, उकडलेले बटाटे. बटाट्याचं पाणी ग्लेनिसने मोरीत ओतलं, तेव्हा लेस्टर तिच्या पाठीकडे बघत होता.

"आज ओलिव्हकडे गेलो होतो."

ग्लेनिसची सुरी चालू राहिली. "बरी आहे का?"

"बरी आहे. बादल्यांवर करते सगळं. परसातल्या नळावर कोळ्याचं जाळं आहे."

आता सुरी थांबली. "नळी नाही?"

"नाही."

"मग टाकीत असेल पाणी."

"रिकामी आहे. मी वाजवून बघितली."

"पूर्ण?"

"ग्लेनिस, फोन तू केलास."

"हो," ती म्हणाली. तिने सुरी-काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला.

"का पण? तिने तुझं काय केलं होतं?"

"तिने काही नाही केलं. ती भली बाई आहे." ग्लेनिसने मिठाची बाटली बाजूला सरकवली. "तिच्याकडे नळी असावी असं मला वाटत होतं. रविवारी बसल्या बसल्या मी शोधत होते. म्हातारी आत गेली तेव्हा टाकीमागे जाऊन आले. चोरासारखी. सापडली नाही, तरी म्हटलं शेडमध्ये लपवली असेल. असलीच पाहिजे. नळी असली तर आपली झाडं मेली ती नियमाने मेली. कोणाचा इलाज नव्हता. पण म्हातारी जर बादल्यांवर जगवत असेल..."



"लोक बोलले असते," लेस्टर म्हणाला.

"लोक बोलतातच की. क्लबात तुझ्याशी कोण धड बोलतं? अंगण उजाड ठेवून कोणाचं तोंड बंद झालं?" तिचा आवाज चढला नव्हता. वृद्धाश्रमातल्या कोणाला औषधाची वेळ समजावून सांगावी तसा होता. "मला विचारायचं होतंस, लेस्टर. एकदा विचारायचं होतंस. मी हो म्हटलंही असतं कदाचित. तुझी अडचण मला कळत नव्हती असं नाही. पण तू येऊन नळी सोडवलीस आणि शेडमध्ये टांगलीस."

लेस्टरने ताटाकडे बघितलं. नोकरी गेली असती तर, असं त्याला म्हणता आलं असतं. त्या वेळी गावात कोण कसं बोलत होतं ते सांगता आलं असतं. ती सगळी वाक्यं दोन वर्षं तयार होती, आणि खोटीही नव्हती.

"हो," तो म्हणाला. "विचारायचं होतं."

चॉप गार झाले होते. ग्लेनिसने दोन्ही ताटं उचलली आणि ओव्हनमध्ये गरम करायला ठेवली.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून ती घरी न येता थेट ओलिव्हकडे गेली. परत आली तेव्हा पाच वाजून गेले होते. हातात शेंगांची पिशवी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आधी चहा ठेव म्हणाली, मग सांग. सांगितल्यावर म्हणाली, बरं. मग शेंगा तोडायला लावल्या." ग्लेनिसने पिशवी ओट्यावर ठेवली. "निघताना म्हणाली, थोडं वाईट वाटलं गं मला. थोडं म्हणाली, पण त्याआधी बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नव्हतं तिने."

"परत जाणार आहेस?"

"मंगळवारी आणि शनिवारी. बादल्यांना." ती शेंगांचे देठ काढायला बसली. तिने त्यालाही ये म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

शनिवारी ती गेली आणि दुपारी उशिरा परतून इस्त्री करत बसली. लेस्टरने आंघोळ केली. टबाचं बूच त्याने काढलं नाही. केस ओले असतानाच तो शेडमधून बादली आणि मग घेऊन आला, बादली भरली आणि स्वयंपाकघरातून, इस्त्रीच्या टेबलाजवळून, बाहेर गेला. काही पाणी फरशीवर सांडलं. ग्लेनिसने मान वर केली.

पाच वाजले होते, ऊन अजून लख्ख होतं. दक्षिणेची भिंत रस्त्यावरून सरळ दिसायची. समोरच्या ओसरीवर नवरा-बायको बिअर घेऊन बसले होते. त्यांचं बोलणं थांबलं. एक गाडी फाटकाजवळ मंद झाली, आतल्या माणसाने बादलीकडे बघितलं आणि गाडी पुढे गेली. लेस्टरने टोपी घातली नव्हती.

भिंतीशी सात खुंट होते. एकाची साल त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडली. आत हिरवं नव्हतं. दुसऱ्याची खरवडली. सातव्यापर्यंत गेला. मग पहिल्याशी परत येऊन त्याने मगभर पाणी ओतलं. पाणी मुरलं नाही. वाळून वाळून पीठ झालेली माती पाणी घेत नाही. ते धुळीची साय पांघरून तसंच वर राहिलं आणि उतारावरून पायवाटेकडे पळालं.

तो गुडघ्यांवर बसला. बोटांनी वरचा थर फोडला, खुंटाभोवती मातीचं कडं केलं.

जाळीचं दार वाजलं. ग्लेनिस इस्त्रीचा एप्रन घालून पायरीवर उभी होती.

"तिथे काही नाहीये, लेस्टर."

"माहीत आहे मला."

ती आत गेली नाही. समोरच्या ओसरीवरून कोणीतरी खोकलं. लेस्टरने मग पुन्हा भरला, पाणी पायवाटेकडे पळू नये म्हणून डावा हात मातीवर आडवा धरला, आणि थोडं थोडं ओतायला लागला.